बोलीवर आणलेली मोटारसायकल

पन्नाशीला दोन वर्षं उरली असताना मला पुन्हा मोटारसायकल घ्यावीशी वाटली. साधी नाही, दोन सिलिंडरची, पळणारी. आणि वाटलं म्हणजे मी ती घेणारच, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी फार विचारी माणूस आहे असा कुणाचा तरी गैरसमज व्हायचा. मी जनावरांचा डॉक्टर. उधळलेल्या वळूला सुई टोचायची की नाही, हे ठरवायला मला दोन मिनिटं पुरतात. या एका गोष्टीला मात्र सहा महिने लागले, आणि त्याचं कारण माझं वय नव्हतं.

ती वर्षं तशी गाड्यांचीच होती. बीडला एकामागोमाग एक शोरूम उघडत होत्या. परदेशी कंपन्यांशी हात मिळवून काढलेल्या शंभर सीसीच्या गाड्या मास्तरांच्या, तलाठ्यांच्या, बँकेतल्या कारकुनांच्या दारात हप्त्यावर येऊन उभ्या राहत होत्या. नवी गाडी दिसली की लोकांचा पहिला प्रश्न एकच, “किती देते?” हा प्रश्न मी वीस वर्षं म्हशीबद्दल ऐकत आलो होतो आणि तिथं तो शोभतो. लिटरमागं किती किलोमीटर यावर गाडीची किंमत ठरायला लागली, तशा जुन्या दोन सिलिंडरच्या गाड्या रस्त्यावरून दिसेनाशा झाल्या. माझ्या बँकेतल्या मित्राला मी बेत सांगितला तेव्हा त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, तुला येड लागलंय का बे, नवी स्कूटर घे आणि पुढं भाजीची टोपली लाव. टोपली तुझ्या गाडीला लाव, असं सांगून मी उठलो.

पुन्हा म्हणतो ते यासाठी की पूर्वी माझ्याकडं अशीच एक होती. तेव्हा मी शिरूर कासारच्या दवाखान्यात होतो. दिवाळी झाली की तिथली निम्मी घरं बैलगाड्यांसकट ऊसतोडीला निघून जायची आणि दवाखान्यात माश्या मारण्यापलीकडं काम उरायचं नाही. रस्ते मोकळे, मी मोकळा आणि खाली ती गाडी. मला ती चांगली चालवता येत होती, हे मी आजही कुणापुढंही म्हणेन. मागं बायको बसायची. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आवाज शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू जाणारा, पण गाडीच्या आवाजापुढं तिचंही काही चालत नसे. म्हणून आम्ही एक खूण ठरवली होती. हळू जायचं असलं की तिनं माझ्या खांद्यावर थाप मारायची.

एका दुपारी बीडहून परत येताना आमच्या पुढं एसटी होती आणि एसटीच्या पुढं वळण. तिनं थाप मारली. मला ती कळली, अगदी नीट कळली. आणि मी मूठ आणखी पिळली. एसटी मागं पडली, पण वळणावर रस्त्याच्या कामाची खडी पसरलेली होती. माझं खरचटण्यावर भागलं. तिचा डावा कोपर मोडला. प्लास्टर निघालं, तेल चोळून झालं, तरी तो हात पुन्हा कधी पुरता सरळ झाला नाही. खडू धरायला उजवा आहे की, असं ती विचारणाऱ्यांना सांगायची. वेणी घालताना मात्र तिला मान डावीकडं कलती करावी लागायची, आणि तेवढा वेळ मी पेपर वाचायचो.

पडलो त्या दिवशी माणसांच्या दवाखान्यात सासऱ्यांनी मला विचारलं, कसं काय पडलात? मी म्हणालो, कुत्रं आडवं आलं. सासऱ्यांनी लेकीकडं बघितलं. तिचा हात गळ्यात बांधलेला होता. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “तांबडं होतं.”

झालं, तिथून ते कुत्रं आमच्या नात्यागोत्यात पाळलं गेलं. कुणी त्याला पिसाळलेलं केलं, कुणी लंगडं. मेहुणा तर पुढं कित्येक वर्षं रस्त्यात तांबडं कुत्रं दिसलं की शिव्या घालायचा. दोन शब्दांत तिनं मला तिच्या बापासमोर वाचवलं होतं. त्यानंतर भांडण नाही, टोमणा नाही, पण अकरा वर्षं ती माझ्या मागं बसली नाही. मी मोटारसायकल विकून स्कूटर घेतली, तर तिच्यावरही नाही. लग्नाला, बारशाला, बाजाराला ती एसटीनं निघायची आणि मी स्कूटरवर. बहुतेक वेळा मी पोचायचो तेव्हा ती चहा घेऊन बसलेली असायची. हसण्यावारी न्यायचो आम्ही ते, पण मला ते लागायचं. मला गाडी हवी होती, आणि मागं ती हवी होती. नुसतीच गाडी घ्यायची असती तर मला दोन मिनिटं पुरली असती.

पुढं माझी बदली नेकनूरला झाली. तिथला जनावरांचा बाजार मोठा. बैलाचे दात बघून तो आदत आहे, म्हणजे अजून दुधाच्या दातांवर आहे, की सगळे दात येऊन जुळला आहे, हे सांगायला लोक मला बोलवायचे. या बाजारात चांगला बैल बोलीवर घेतात. व्यापारी बैलाच्या पाठीवर हात ठेवून चार माणसांसमोर त्याची खोड सांगतो. मारका आहे, नांगराला बसतो, डावीकडं ओढतो, जे असेल ते. गिऱ्हाईक बैल घरी नेऊन आठ दिवस जुंपून बघतं, आणि न सांगितलेली खोड निघाली तर बैल परत. पण खरा व्यापारी गिऱ्हाइकालाही सोडत नाही. रान काळं की मुरमाड, औत कोण धरणार, चाबूक किती चालतो, सगळं विचारून घेतो. वाईट हाताखाली चांगला बैलही आठ दिवसांत बिघडून माघारी येतो, हे त्याला माहीत असतं. खोड लपवली म्हणून भर बाजारात मी स्वतः दोन बैल परत करायला लावले होते आणि त्याचा मला अभिमान होता.

या बाजारात घाटनांदूरचा एक म्हातारा व्यापारी नेहमी यायचा. एकदा बोलता बोलता त्यानं सांगितलं की त्याच्या मुलानं हौसेनं घेतलेली दोन सिलिंडरची गाडी घरी पडून आहे. मुलगा पुण्याला कुठल्याशा नव्या कंपनीत लागला, त्यानं मोटार घेतली, आणि ही इकडं गोठ्यात उभी आहे. मी त्या रात्री झोपलो असेन, पण फार नाही.

दुसऱ्या दिवशी बायको शाळेचे पेपर तपासत बसली होती, तिला विचारलं. लाल पेन न थांबवता ती म्हणाली, “घ्या की. मी एसटीनं येत जाईन.” ती रागावली असती तर मी समजूत घातली असती, त्या कामात मी तरबेज आहे. पण घ्या म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? सहा महिने गेले ते याच्यातच. व्यापारी दर बाजारी विचारायचा आणि मी दर बाजारी काहीतरी कारण सांगायचो.

शेवटी थंडीत आमचं परळीला वैजनाथाच्या दर्शनाला जायचं ठरलं. मी म्हणालो, घाटनांदूर तिथून जवळच आहे, गाडी नुसती बघून येऊ. “नुसतं बघायला तुम्ही कधी कुठं गेलात?” असं विचारून ती माझ्याबरोबर निघाली. दर्शन सकाळीच उरकलं आणि आम्ही घाटनांदूरला उतरलो.

गाडी खरोखरच गोठ्यात होती, दोन बैलांच्या मधे, पोती पांघरलेली. म्हाताऱ्यानं पोती काढली. मी साखळी बघितली, प्लग काढून पुसला, चोक ओढला आणि किक मारली. तिसऱ्या किकला ती बोलली. बैलांनी कान टवकारले आणि माझ्या अंगावर काटा आला. स्टेशनच्या रस्त्यानं एक फेरी मारून आलो. हात काहीही विसरला नव्हता. अकरा वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता, आणि मी म्हातारा वगैरे झालेलो नाही याबद्दल माझी खात्री पटली. जुळलेला बैल नांगरताना आदतापेक्षा सरळ तास धरतो, हे मी उगाच लोकांना सांगत नव्हतो.

बायको अंगणात बाजेवर बसून चहा पीत होती. म्हाताऱ्यानं भावाला आणि शेजाऱ्याला हाक मारून बोलावलं. ते आल्यावर त्यानं टाकीवर हात ठेवला आणि बैलाची करावी तशी गाडीची बोली केली.

“चोक दिल्याबिगर चालू होत न्हाई. पेट्रोल लई पिती. मागलं ब्रेक मऊ हाय. आर्ध्या मुठीपस्तोर गरीब गाय, तिथून फुडं उसळती. ह्याच्याबिगर खोड न्हाई. निघाली तर आठ दिसात परत आणा.”

मी मान हलवली. त्यानं टाकीवरचा हात काढला आणि म्हणाला, “आता तुमची सांगा.”

मला हसू आलं. तो हसला नाही. त्याचा भाऊ आणि शेजारीही माझ्याकडं बघत होते, जसा मी बाजारात लोकांकडं बघायचो तसे. मी म्हणालो, अकरा वर्षांपूर्वी एकदा पडलोय, कुत्रं आडवं आलं होतं.

“कुत्र्याची न्हाई इचारली, डाक्टरसाहेब,” म्हातारा शांतपणे म्हणाला. “तुमची इचारली.”

त्याला काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. तो फक्त आपली रीत पाळत होता. पण खोड लपवणाऱ्या व्यापाऱ्यांना मी ज्या तोऱ्यात झापत आलो होतो, तो तोरा मला तिथं उभ्या उभ्या आठवला आणि लाज वाटली. माझी पाठ बाजेकडं होती. मी वळलो नाही. वळलो असतो तर बोलू शकलो नसतो.

“कुत्रं नव्हतं,” मी म्हणालो. “हळू घ्या म्हणून हिनं दोनदा खांद्यावर थाप मारली. मला कळली होती. तरी मी मूठ पिळली, आणि हात हिचा मोडला.”

मग मागून कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

“दोनदा न्हाई,” बायको म्हणाली. “तीनदा. तिसरी तर चांगली जोरात मारली होती.”

अकरा वर्षांत त्या दुपारबद्दल ती पहिल्यांदा बोलत होती. माझे डोळे भरून आले, आणि खरं सांगायचं तर छातीवरून ओझंही उतरलं. मी म्हणालो, हो, तीनदा. तिनं पदरानं ओठ पुसले आणि ती उठली.

म्हाताऱ्यानं विचार करून निकाल दिला. खोड सांगितली म्हणजे बोली पुरी झाली, आठ दिवस गाडी न्या. पण परत आणायची की ठेवायची हे डॉक्टरांनी ठरवायचं नाही, बाईंनी ठरवायचं. मग रुमालाखाली माझी बोटं धरून त्यानं भाव केला, तो त्याच्यात आणि माझ्यात राहू द्या.

मी गाडी अंगणाबाहेर काढली. बायकोनं पिशवी उचलली, म्हणाली, “तुम्ही व्हा पुढं,” आणि एसटीच्या थांब्याकडं चालायला लागली.

मी पुढं झालो नाही. अंबाजोगाईची एसटी आली, ती मागच्या खिडकीशी बसली, आणि मी एसटीच्या मागं गाडी लावली. जिल्ह्यातल्या कुठल्याही गाडीला मागं टाकणारं यंत्र माझ्या हाताखाली होतं आणि मी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधे धूर खात चाललो होतो. रस्ता किती वेळा मोकळा मिळाला याची गणती नाही. एक शंभर सीसीवाला मास्तर मला ओलांडून गेला आणि पुढं जाऊन त्यानं कीव आल्यासारखं वळून बघितलं. एरवी त्याला मी दाखवलं असतं. एसटी प्रत्येक थांब्यावर थांबली, मीही थांबलो. एसटीतली माणसं मागच्या काचेतून मला बघून हसत होती. बायको हसत नव्हती, पण बघत होती.

अंबाजोगाईच्या स्थानकात ती उतरली. बीडची एसटी शेजारीच लागलेली होती, कंडक्टर नेकनूर, नेकनूर म्हणून ओरडत होता. तिनं पाटी वाचली. मग माझ्याजवळ आली, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पिशवीतून रुमाल काढून दिला. “तोंड पुसा. काळं झालंय.” मी पुसलं. तिनं रुमाल परत घेतला, पदर खोचला आणि मागं बसली. डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. तो वाकलेलाच असतो, त्यामुळं नीट बसला.

गाव संपलं. केजच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना ज्वारी निसवून कणसांवर आलेली होती आणि पुढं रस्ता सरळ आणि मोकळा. मी चाळीसच्या वर गेलो नव्हतो. तेवढ्यात खांद्यावर थाप पडली. एकदाच, हलकी. मी मूठ सोडली, गाडी कडेला घेतली, पाय टेकवला आणि काय झालं म्हणून विचारलं.

“काही न्हाई,” ती म्हणाली. “ऐकू येतंय का ते बघितलं. आता घ्या जरा जोरात.”