आमच्या तव्याची रेघ

आमच्या तव्याला चीर गेली होती. बायकोच्या प्रत्येक भाकरीवर त्यामुळे एक रेघ उठायची. नवा तवा आणायचा राहून गेला, हे बरं झालं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

गावाबाहेरच्या मठात रोज दुपारी पंगत बसायची. आमटी मठाची, भाकरी गावाची. सकाळी टोपली दारोदार फिरायची आणि प्रत्येक घर जमतील तेवढ्या भाकरी घालायचं. आपल्या दारातून टोपली तशीच पुढे गेलेली कोणत्याच घराला खपत नसे. त्या वर्षी दुष्काळ पडला, ऊसच नव्हता. सहकारी कारखान्याचा पट्टा लवकर पडला, म्हणजे गाळप बंद झालं, तोडीला गेलेल्या टोळ्या हात हलवत परत आल्या आणि मठात एका पंगतीच्या तीन पंगती झाल्या. भाकरी पुरेना.

कुणी दोनदा जेवू नये म्हणून मठाच्या महाराजांनी मला दारावर लक्ष ठेवायला सांगितलं. मी गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीचा सचिव. कर्जासाठी एकच विहीर तीन भावांच्या नावावर दाखवणारी माणसं बघून बघून माझा कुणावर विश्वास उरला नव्हता. खरं सांगतो, ते काम मला आवडलंही.

एका सकाळी टोपलीत रेघेची भाकरी दिसली. हात लावला तर वाळून कडक. मी तणतणत घरी गेलो.

"शिळी भाकर मठात का म्हून घातलीस?"

"आत्ता तर थापल्यात," बायको म्हणाली. "तुमाला आरशातल्या माणसाचाबी संशय येतो."

मला तिचंही खरं वाटलं नाही.

त्याच दुपारी शेवटच्या पंगतीत तोडीहून परतलेली खालच्या आळीतली एक बाई नुसती आमटी पिताना दिसली. भाकरी पदराखाली. ती उठली तसा मी आडवा गेलो.

"पदरात काय हाय?"

"घरी लागत्यात, भाऊ."

"घरी कुणी आजारी हाय?"

"न्हाई."

"मग शेळीला घालतीस व्हय?"

पंगतीदेखत मी तिला पदर सोडायला लावला. दोन भाकरी निघाल्या, एकीवर आमच्या तव्याची रेघ. त्या मी काढून घेतल्या. माझं डोकं आणखीच फिरलं. इथलं इथंच खायचं, बाहेर काही न्यायचं नाही, असं मी सगळ्यांना मोठ्यानं बजावलं.

दुसऱ्या दिवशी टोपली फिरवणारी म्हातारी तापानं पडली, म्हणून टोपली मीच घेतली. फिरत फिरत त्या बाईच्या दारात गेलो. ती रिकाम्या हातानं बाहेर आली.

"आज घालायला काई न्हाई, भाऊ. कालच्या तुमी काढून घेतल्या."

मला कळायला थोडा वेळ लागला. घरातलं पीठ संपलेलं होतं. पंगतीत वाढलेल्या भाकरी ती राखून ठेवायची आणि सकाळी आपल्या घरच्या म्हणून टोपलीत घालायची. कडक झालेली ती भाकरी तिच्याच दारातून आली होती. माझी मान वर होईना. बायकोवर उगाच घेतलेल्या संशयाचीही आठवण झाली.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "दुपारी पंगतीला या."

"टोपलीत काई न घालता कशी येऊ?" ती शांतपणे म्हणाली आणि आत गेली.

दुपारी मी कुणाच्याच पदराकडे बघितलं नाही. शेवटच्या पंगतीत तिच्या जागेवर पत्रावळ मांडून ठेवली, तिथं कुणाला बसू दिलं नाही. ती आली नाही.