हळदीचं पाणी

कॅम्प पाच या सिंधी वस्तीतला तो मेकॅनिक गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघायचा नाही. बोलायचं ते बॉनेटशी. नुकतीच विकत घेतलेली जुनी मोटार मी त्याच्याकडे नेली, कारण ती सारखी तापायची आणि ब्रेक मारला की एका बाजूला ओढायची.

रेडिएटरमध्ये बोट बुडवून त्याने सवयीप्रमाणे आधी वास घेतला. बोट पिवळं झालं होतं.

"हळद आहे, साईं. गळती बुजवायला टाकतात. गाडी विकेपर्यंत टिकते."

मग तो गाडीखाली सरकला. खालूनच म्हणाला, "पुढच्या एका चाकाची ब्रेकची नळी ठोकून बंद केलीये. ऑइल गळू नये म्हणून."

"असं कोण करतं?"

"मीच केलं. हळद पण मीच टाकली. तेव्हा गाडीचा रंग दुसरा होता, साईं, म्हणून ओळखली नाही. तेव्हाचा मालक बोलला, भंगारात द्यायचीय, तिथवर चालली की झालं."

बाहेर येऊन त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "घरच्यांना बसवलं होतं?"

"काल. खंडाळ्याचा घाट उतरलो."

तो पुन्हा बॉनेटकडे वळला आणि पाना शोधू लागला.

गाडी मी अजून त्याच्याकडेच नेतो. इथल्या कुठल्या गाडीत काय दाबून ठेवलंय, हे दुसऱ्या कुणाला माहीत असणार?