नाईटवाल्याचे कान

आमचे हे स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवतात. दर हप्त्याला ड्यूटी बदलते. एक हप्ता सकाळ, एक दुपार, एक नाईट. नाईटच्या हप्त्यात हे सकाळी घरी येतात, चहापोळी खातात आणि दिवसा झोपतात. म्हणजे दिवसाची झोप यांची आणि चवड्यांवर चालणं आमचं. लग्न होऊन भंडाऱ्याकडून भिलाईत आले तेव्हा माझ्या सासूनं मला स्वयंपाकाच्या आधी हे शिकवलं होतं, की कढई कशी ठेवायची, दार कसं ओढायचं आणि लेकराला रडण्याआधी कसं उचलायचं.

तेव्हा आम्ही सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहत होतो. तिथं सगळेच प्लांटवाले. दिवसा ज्याच्या घराचा पडदा ओढलेला आणि स्कूटर दारात आडवी, त्याच्या घरी नाईटवाला झोपला आहे हे लाईनीतल्या कुत्र्यालाही कळायचं. भाजीवाला त्या दारावरून ठेला मुकाट ढकलत न्यायचा आणि पुढे गेल्यावर ओरडायचा. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, पण चालायचं.

मग आम्ही स्मृति नगरात स्वतःचं घर बांधलं. घर झकास आहे, पुढची खोली ऐसपैस आहे, पण इथं आडव्या स्कूटरची भाषा कोणाला येत नाही. शेजारी बँकेतले, शाळेतले, दिवसा जागणारे लोक. भाजीवाल्यानं गाडीवर भोंगा बसवलाय, त्यात तोच रेकॉर्ड केलेला आवाज दिवसभर कांदे-बटाटे विकतो. समोरच्या प्लॉटवर बांधकाम निघालं आणि टाइल कापायची मशीन सुरू झाली. मी ठेकेदाराशी भांडायला गेले. तो हात जोडून म्हणाला, "भाभीजी, दिन में काम नहीं करेंगे तो कब करेंगे?" त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मला अजूनच राग आला.

हे सगळं मी एरवी सहन केलं असतं. पण त्या वर्षी एप्रिलातल्या जयंतीला आमच्या विहारातल्या बायकांनी रेकॉर्ड न लावता स्वतः गायचं ठरवलं, आणि पुढे गायला मला सांगितलं. लग्नाआधी मी गावात माइकशिवाय गात असे आणि शेवटच्या घरापर्यंत आवाज जात असे. लग्नानंतर माझं गाणं गुणगुणण्यावर आलं होतं. मला ते पुढे उभं राहणं हवं होतं. फार हवं होतं, आणि हे मी तेव्हा कोणाला बोलले नाही. विहाराच्या हॉलची फरशी उखडलेली होती, म्हणून प्रॅक्टिस माझ्या पुढच्या खोलीत करायची ठरली. बायकांना वेळ दुपारचाच. आणि जयंतीच्या आधीचा हप्ता यांच्या नाईटचा.

आता यांची झोप म्हणजे चैन नव्हे. क्रेनला लालभडक लोखंड लटकत असतं आणि खाली माणसं चालत असतात. हे त्याबद्दल घरी कधी बोलत नाहीत, पण झोप अर्धवट झाली की ड्यूटीला निघताना यांचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. गाण्यासाठी मी ती झोप मोडणार नव्हते. तेव्हा एकच उरलं, यांचे कान बंद करणं. होळीच्या आधीपासूनच मी त्याच्या मागे लागले.

पहिला प्रयोग तेलात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यांचा. आवाज होता तसाच राहिला, उशी मात्र तेलकट झाली.

दुसरे, प्लांटमध्ये कानात घालायला मिळतात ते दोरीवाले नारंगी डट्टे. फुकटचे आणि भरवशाचे, माझ्या मते प्रश्न मिटला. यांनी तोंड वाकडं केलं. "दिवस-रात्र हेच घालून राहू का? कानात हे असलं तं मले ड्यूटी सुरूच हाय वाटते." मी म्हटलं, नखरे पुरे. घातले, झोपले. थोड्या वेळानं पाहते तर हे झोपेतच दोन्ही मुठी आवळून चादर पुढे-मागे ओढत होते. झोपेत क्रेन चालवत होता माझा माणूस! उठले ते आठ तास राबल्यासारखे. दुसऱ्या कोणाच्या नवऱ्याला हे झालं नसतं. डट्टे मी परत बॅगेत टाकले.

मग मेडिकलमधून सिलिकॉनचे आणले. दुकानदारानं विचारलं, "तैरने के लिए?" मी म्हटलं, "सोने के लिए." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं जणू घोरणारी मीच आहे. ते डट्टे यांना खाजायचे. हे झोपेत उपटून फेकायचे, आणि मी पलंगाखाली वाकून शोधायचे.

होळीला पुण्याहून मुलगी आली होती. तिला हे सगळं ऐकून हसू आवरेना. तिनं आपले इयरफोन काढून दिले. "मम्मी, ये लगाओ तो ट्रेनचा पूरा आवाज बंद होते. पप्पाले देऊन पाह्य." नागपूरला एका लग्नाला जायचंच होतं, तेव्हा गाडीतच परीक्षा घेतली. दुर्ग सोडल्यावर हे इयरफोन लावून डोळे मिटून बसले. चाकांचा खडखडाट गेला, पंख्याची घरघर गेली. पण मागचा आवाज नाहीसा झाल्यामुळे चहावाल्याची हाक यांना एकदम कानाशी आल्यासारखी ऐकू येऊ लागली. प्रत्येक वेळी हे दचकून डोळे उघडायचे आणि भिडेखातर चहा घ्यायचे. गोंदियापर्यंत नुसता चहाच झाला. "हे तं भलतंच," हे म्हणाले, "रेल बंद आन् चायवाला चालू." शिवाय कुशीवर झोपलं की तो प्रकार कानात रुतायचा. बसून प्रवास करणाऱ्याला तो छान, झोपणाऱ्याच्या कामाचा नाही.

त्यातून मला एक कळलं. सतत चालणारा आवाज झोपेच्या आड येत नाही, मधेच उसळणारा येतो. मग काट्यानं काटा काढायचा. मुलीनं लहान मापाचे, मऊ फोमचे, बिनदोरीचे डट्टे मागवून दिले. यांची एकच अट होती, नारंगी नकोत. निळे आले. आणि ऊन अजून तापलं नव्हतं तरी मी बेडरूमच्या खिडकीतला कूलर झटकून सुरू केला. कानात निळे डट्टे आणि डोक्याशी कूलरची एकसुरी घरघर. त्यातून टाइलची मशीनसुद्धा आत शिरेना. हे चादर न ओढता झोपले. मी दारात उभी राहून पाहिलं आणि बायकांना निरोप धाडला.

बायका आल्या. चपला हातानं अलगद ठेवून, बांगड्या मनगटावर सरकवून, हळूच सतरंजीवर बसल्या. मी खूण केली, गाणं सुरू झालं, आणि कुजबुजीत संपलं. मी म्हटलं, "मोठ्यानं म्हणा ना."

"अव वहिनी, भाऊजी झोपले न आतमंदी."

"त्याईले काहीच आयकू येत नाही. डट्टे हायेत."

सगळ्यांनी समजल्यासारख्या माना हलवल्या आणि पुन्हा तितक्याच हळू म्हटलं. मला चीड आली. मग मी एकटीनं सुरुवात केली, आणि माझाही आवाज गळ्यातच राहिला. तोंड उघडलं होतं, श्वास होता, पण दिवसाढवळ्या, बंद दाराबाहेर, आवाज वर जायलाच तयार नाही. आम्ही सगळ्या शिफ्टवाल्यांच्या बायका. कोणाचा नवरा फर्नेसवर, कोणाचा रेल्वेत. आमच्या सगळ्यांच्या गळ्याला एकच वळण लागलेलं.

मी उठले. स्वयंपाकघरातून स्टीलची परात आणली, बेडरूमचं दार उघडलं आणि उंबऱ्यावर ती सोडली. असा आवाज त्या घरात वास्तूच्या दिवसापासून झाला नव्हता. परात गरगर फिरत राहिली. बायकांनी पदर तोंडावर धरले. पलंगावर यांनी कूस बदलली, नाक खाजवलं आणि घोरायला सुरुवात केली. मी दार परत ओढून घेतलं.

सगळ्यांत वयस्कर बाई होती ती आधी हसली. फुसकन नाही, खदखदून. मग सगळ्याच हसल्या, एकमेकींच्या मांड्यांवर थापा मारत. हसू ओसरलं तशी मी सूर धरला आणि या वेळी तो वर गेला. माझा मलाच ओळखू आला. थोडा चिरका झाला होता, पण गेला. बायका मागून आल्या. आम्ही ते गाणं पुन्हा पुन्हा म्हटलं, आणि मला इतका आनंद झाला होता की डोळ्यांतून पाणी येत होतं ते मी पुसलंही नाही.

शेवटचं कडवं संपलं तेव्हा दार उघडलं. हे लुंगी सावरत उभे, डट्टे हातात. आम्ही सगळ्या एका क्षणात गप्प झालो. सवयच ती.

"कोण गाऊन राहिलं होतं?" यांनी विचारलं. "ते उंच आवाजवाली?"

बायकांनी माझ्याकडे बोट केलं. यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा बायकांकडे, की थट्टा तर नाही.

"तू? मी तं कदी आयकलाच नाही तुया आवाज."

"कदी आयकणार?" मी म्हटलं. रागानं म्हणायला गेले पण सूर तसा लागला नाही. "तुम्ही घरी आले का झोपता. तुम्ही झोपले का मी..."

मला वाटलं आता हे चहा मागतील. यांनी भिंतीला टेकलेली खुर्ची ओढली, तिचे पाय फरशीवर कर्रकन घासले तरी पर्वा केली नाही, आणि माझ्यासमोर येऊन बसले.

"माही झोप झाली," हे म्हणाले. "मी जागा हाय. म्हण."