किवुवाच्या सासूबाईंची सफारी

त्सावोच्या रानात किवुवा बावीस वर्षं पाहुण्यांची गाडी हाकत होता, आणि जनावरांपेक्षा माणसांचाच त्याचा अभ्यास जास्त झाला होता. गाडीत पाय ठेवताक्षणी तो गिऱ्हाईक ओळखायचा. गडद निळे कपडे घालून आलेल्याला दुपारपर्यंत त्सेत्से माशा फोडून काढणार. पहिल्याच तासात सिंह मागणारा चौथ्या तासाला घोरणार, आणि सिंह नेमका तेव्हाच येणार. तंबूत केळी ठेवणाऱ्यांना तो काही शिकवायचाच नाही. ते काम त्याने माकडांवर सोडलं होतं. ‘उतरू नका, ओरडू नका, हात बाहेर काढू नका’ हा पाढा मात्र तो रोज सकाळी न चुकता म्हणायचा.

तरी मागच्या महिन्यात एकाने त्याला गंडवलंच. किवुवा पुढे बघत असताना गडी हळूच उतरला आणि रानम्हशीसोबत स्वतःचा फोटो काढू लागला. म्हशीने फोटो काढू दिला, पण फाटकावरच्या साहेबांनी किवुवाला उभं करून सुनावलं, “आणखी एका पाहुण्याचा पाय जमिनीला लागू दे, तुझा परवाना गेलाच म्हणून समज. मग बस शेळ्या राखत.” शेळ्या राखायला किवुवाची ना नव्हती. फक्त त्याच्याकडे शेळ्या नव्हत्या.

आणि नेमकी अशा दिवसांत त्याची बायको स्योंबुआ हट्टाला पेटली. “मुमोचे बाबा, जगभरच्या बायकांना तुम्ही रान दाखवता. माझी आई कुंपणापासून तासाभराच्या वाटेवर राहते. तिने आत कधी पाऊल टाकलं नाही.”

“तुझी आई? माझ्या गाडीत?” किवुवा उठून उभाच राहिला.

त्याचं बिचाऱ्याचं चुकलं नव्हतं. त्यांच्या कांबा जमातीत जावयाने सासूच्या तोंडाकडे बघायचं नसतं, तिच्याशी थेट बोलायचं नसतं, तिच्या नजरेसमोर घास तर मुळीच घ्यायचा नसतो. वाटेत सासू समोरून आली तर जावई झुडपात शिरतो. लग्नाच्या एकोणीस वर्षांत किवुवाने त्या भागातली बरीच काटेरी झुडपं आतून पाहिली होती.

शेवटी तोड निघाली. सासूबाई कलोंदु सगळ्यात मागच्या बाकावर बसणार, किवुवा आतला आरसा आभाळाकडे फिरवून ठेवणार, आणि जे काही बोलायचं ते मध्ये बसलेल्या स्योंबुआमार्फत. सुट्टीच्या दिवशी सकाळी गाडी निघाली. कलोंदु गडद निळं कापड पांघरून आली होती. किवुवाला ते दिसलं नाही, पण माशांना दिसलं.

“आईला विचार, माशा चावतायत का,” तो पुढच्या काचेला म्हणाला.

“त्याला सांग, चावून चावून दमल्या,” मागून उत्तर आलं.

मग खिडकी सरकल्याचा आवाज झाला.

“आईला सांग, हात बाहेर काढायचा नसतो.”

“त्याला सांग, हात माझा आहे.”

बावीस वर्षांचा पाढा एका सकाळीत पाण्यात गेला. जिराफ दिसल्यावर कलोंदु गरजली, “अगं बाई! याला घास उतरायला केवढा वेळ लागत असेल!” जिराफ पळाले. शेजारच्या पांढऱ्या गाडीतले पाहुणे शिस्तीत मूग गिळून बसले होते; त्यांच्या ड्रायव्हरने किवुवाकडे असं काही बघितलं की त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. परक्या बाईला त्याने दोन शब्दांत गप्प केलं असतं. इथे ते दोन शब्दच त्याला बंद होते.

“हे सगळं ठीक आहे,” थोड्या वेळाने कलोंदु म्हणाली. “माझा कुठाय?”

“तुझा कोण गं आई?” स्योंबुआने विचारलं.

“तोच, डाव्या सुळ्याचा तुकडा पडलेला. माझे भोपळे खाऊन गेला. गेला तर गेला, जाताना पाण्याची टाकी पाडून गेला. म्हटलं बघावं तरी, स्वतःचं घर कसं ठेवतो.”

इथे किवुवाने गाडी वळवून सरळ फाटक गाठायला हवं होतं. पण पाहुण्याने जे मागितलं ते दाखवायची त्याला जुनी खोड. तो हत्ती दुपारी कुठे पाणी पितो हे त्याला माहीत होतं. ते सासूबाईंना दाखवायची हौस त्याला आवरली नाही.

पाणवठ्यावर हत्ती उभा होता, लाल मातीने माखलेला, डावा सुळा आखूड. पलीकडे तीच पांढरी गाडी. किवुवाने इंजिन बंद केलं. सगळं शांत झालं, आणि मागून ‘टक’ असा आवाज आला. दाराची ती कडी किवुवाने झोपेतही ओळखली असती.

“भोपळे खाल्लेस ना?” कलोंदुचा आवाज आता गाडीबाहेरून येत होता. “खा! पण टाकीने तुझं काय घोडं मारलं होतं?”

हत्तीने कान पसरले. एक पाऊल पुढे टाकलं. किवुवा गर्रकन वळला.

“आई! आत! आधी आत! आणि तोंड बंद!”

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तो सासूशी बोलला, आणि ते हे. पहिल्यांदाच त्याने तिचा चेहरा सरळ पाहिला. नाक थेट स्योंबुआचं. डोळे घाबरलेले. ती म्हातारी झाली होती, आणि हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं.

कलोंदु आत आली. दार लागलं. हत्तीने थोडा वेळ विचार केला आणि पुन्हा पाण्यात सोंड घातली.

परतीच्या वाटेवर आतला आरसा आभाळाकडेच आहे ना, हे किवुवाने दोनदा तपासलं.

फाटकावर रेंजर मुसेम्बीने गाडी अडवली. तोही कांबाच. “किवुवा, पांढऱ्या गाडीवाला सांगत होता. निळ्या कापडातली बाई खाली उतरून हत्तीला झापत होती म्हणे. काय खरं?”

खोटं बोलणं किवुवाला कधी जमलंच नव्हतं. त्याने परवाना काढायला खिशात हात घातला.

“पोरा, लग्न झालंय का तुझं?” मागून आवाज आला. कलोंदुने कापड डोक्यावरून पुढे ओढून घेतलं होतं.

“झालंय, आई.”

“सासू आहे?”

“आहे.”

“ती तुझ्या गाडीतून उतरून, तुझ्यादेखत, रानात आरडाओरडा करेल?”

मुसेम्बीने मान खाली घातली.

“मी या माणसाची सासू,” कलोंदु खणखणीत आवाजात म्हणाली. “एकोणीस वर्षांत याने माझा आवाज ऐकलेला नाही.”

“माफ करा, आई. माझंच चुकलं,” मुसेम्बी पुटपुटला आणि त्याने आडवा बांबू वर केला.

रस्त्याला लागल्यावर स्योंबुआने अंगावरच्या कापडाचं टोक तोंडावर धरलं. ती हसत होती की रडत होती, कळायला मार्ग नव्हता. किवुवाची नजर रस्त्यावर खिळली होती. त्याची मान अजून ताठ होती. सकाळपासून त्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

मागच्या बाकावर फडक्याची गाठ सुटली. उकडलेल्या मक्याचा वास आला. मग स्योंबुआला ओलांडून एक सुरकुतलेला हात पुढे आला आणि त्याच्या खांद्यापाशी कणीस धरून थांबला.

“खा,” कलोंदु त्याला म्हणाली. “मी बाहेर बघतेय.”