चौथं कडवं

भूत, करणी, अंगात येणं... या सगळ्याविरुद्धची पत्रकं वाटत मी मोठा झालो. पप्पा लिहायचे, मी घड्या घालायचो. आजही असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. हे लिहिताना लाज वाटतेय, पण तिचं कारण वेगळं आहे.

घाटकोपर पश्चिमेला, टेकडीच्या उतारावर आमचा बुद्धविहार आहे. तिथे आम्ही चळवळीची गाणी बसवतो. प्रशांत ढोलकीवर, मी गिटारवर. साधी अकूस्टिक गिटार, तिला तारांचा आवाज पकडणारा पिकअप, आणि तो आवाज मोठा करणारा, जेवणाच्या डब्याएवढा बॅटरीवरचा अ‍ॅम्प. त्यात वायर लावायला जागा एकच – गिटार तरी लावा, नाहीतर माइक.

जयंतीच्या कार्यक्रमाला सुमनमावशी आली. सत्तरीची, धुणीभांडी करून वाकलेली. लिहिता येत नव्हतं, गाणी सगळी डोक्यात.

"नवीन रचलंय रे. चार कडवी. पाणी वर चढवणाऱ्या बायांचं. तुझ्या मशीनला माइक लाव ना."

"मग माझी गिटार कशी ऐकू येणार, मावशी? तू म्हण तशीच. खणखणीत आवाज आहे तुझा."

साफ खोटं. तिचा आवाज पार बसला होता. आणि अकूस्टिक गिटार अ‍ॅम्पशिवायही ऐकू येतेच की! पण अ‍ॅम्प नवीन होता, मला मिरवायचं होतं. दोन कडव्यांनंतर ती थांबली. "राहू दे," म्हणाली आणि खाली बसली. टाळ्या मला पडल्या. तेव्हा माझ्या खिशात मीच लिहिलेलं पत्रक होतं – 'बाईचा आवाज दाबाल तर खबरदार!'

तीन आठवड्यांनी मावशी झोपेतच गेली.

पुढच्या रविवारी दुपारी चारला विहारात मी अ‍ॅम्प चालू केला. वायर अजून हातातच होती... आणि मावशी गायला लागली. तिसरं कडवं.

"मोबाइल वाजतोय का रे तुझा?" प्रशांतने विचारलं.

"बंद आहे."

"मग ब्लूटूथ असेल."

"याला ब्लूटूथ नाहीये यार! आणि वायर ही बघ, हातात!"

प्रशांतने ढोलकी बाजूला ठेवली. "मावशी आहे ही..."

डोक्यावरचा हंडा उतरवून बाई टेकडीवरून खाली बघते, असं काहीतरी ते कडवं होतं. ते संपलं. तिने श्वास घेतला – चौथ्यासाठी. तो मला स्पष्ट ऐकू आला. आणि मी घाबरून बटण फिरवलं.

"बंद काय केलंस? गाऊ द्यायचं ना तिला!" प्रशांत ओरडला.

लगेच पुन्हा चालू केला. नुसती घरघर.

असे अ‍ॅम्प कधीकधी रेडिओ पकडतात, माहीत आहे मला. पण हे गाणं कधी रेकॉर्डच झालं नव्हतं. तिसरं कडवं तर आम्ही कुणी ऐकलंही नव्हतं. दुरुस्तीवाल्याने अ‍ॅम्प उघडून पाहिला, म्हणाला, एकदम ओके. मावशीच्या मुलीला विचारलं, शेजारणींना विचारलं. चौथं कडवं कुणालाच येत नाही.

आता मी गिटार अ‍ॅम्पशिवाय वाजवतो. माइक गाणाऱ्याकडे.

तो आवाज कुठून आला, ते मला अजूनही सांगता येत नाही. तो बंद कुणी केला – दोन्ही वेळा – ते मात्र सांगता येतं.