व्हर्लीनबाईंचा शनिवारचा वर्ग

सॅगिनॉ या अमेरिकन शहरात एका चर्चच्या तळघरात व्हर्लीन टिब्स सव्वीस वर्षं दर शनिवारी विज्ञानाचा वर्ग घेत आल्या. मुलं वस्तीतलीच, काळी. त्यांच्या शाळेला प्रयोगशाळा होती, पण ती बहुतेक कुलपातच असायची.

व्हर्लीनबाईंनी स्वतः शाळेत असताना रसायनशास्त्र मागितलं, तेव्हा त्यांना टायपिंगला बसवलं होतं. मग त्या लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, फाउंड्रीच्या, लॅबमध्ये लागल्या, काचेची भांडी धुवायला. अकरा वर्षं धुतली. धुता धुता सगळं बघून ठेवलं, आणि एकदा तपासनीस आला नाही म्हणून लोखंडाचा नमुना त्यांनीच तपासून दिला. पुढे तेच त्यांचं काम झालं, फाउंड्री बंद पडेपर्यंत.

आता अडुसष्टावं सरत आलं होतं. तळघराचा जिना उतरताना गुडघे नको म्हणत. वर्गाला मदत देणारी संस्था दरवर्षी नवे तक्ते मागायची, पोरांचे हसरे फोटो मागायची. या जूनमध्ये वर्ग बंद करायचा, हे बाईंनी ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात वर्गातल्या ओडेसा प्रूइटची विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गासाठी निवड झाली. सहा आठवडे तिथेच राहायचं. नदीच्या पाण्यातलं शिसं मोजायला बसली की जेवण विसरणारी ही सोळा वर्षांची पोर. पण आई फॉर्मवर सही करेना. बाई तिच्या घरी गेल्या.

ओडेसाची आई शार्मेन वृद्धाश्रमातली कामाची पाळी संपवून नुकतीच आली होती, पायातले बूटही काढले नव्हते.

"बसा, व्हर्लीनबाई. पण सही मागू नका. ओडेसा गेल्यावर, मी कामावर असताना धाकट्या डॅरियसकडे कोण बघणार? पाच वर्षांचा आहे, त्यात दमा."

"आयुष्यात एकदाच येणारी संधी आहे गं."

"संधी! तुमच्या वर्गातला तो हुशार लायनेल कुठे आहे आज? टायरच्या दुकानात."

 लायनेल बाईंनाही टायर बदलून देत असे. त्या उठायला लागल्या आणि तोंडातून निघून गेलं, "डॅरियसला माझ्याकडे सोड."

"तुमच्याकडे? तो धावेल आणि तुम्ही खुर्चीतून ओरडाल."

"तर ओरडेन."

शार्मेन पहिल्यांदाच हसली. मग तिने सही केली.

ओडेसा गेली. पहिल्याच आठवड्यात डॅरियसने बाईंचा जीव मेटाकुटीला आणला. दुपारी तो झोपला की त्याही बसल्या जागी पेंगत. चौथ्या आठवड्यात ओडेसाचा फोन आला.

"बाई, मला न्यायला या. इथल्या सगळ्यांचं कॅल्क्युलस आधीच झालंय. काल एका मुलीने मला झाडूवाली समजून कचऱ्याची पिशवी दिली."

धीराचे चार शब्द सव्वीस वर्षं बोलून बोलून गुळगुळीत झाले होते. बाईंना ते उच्चारवेनात.

"फाउंड्रीत मलाही अशाच पिशव्या द्यायचे," त्या म्हणाल्या. "गोड आहे असं मी सांगणार नाही. येते शनिवारी."

वर्ग जूनमध्येच बंद केला होता, शनिवार मोकळा होता; डॅरियसला मागे बसवून त्यांनी दीड तास गाडी हाकली. ओडेसा लॅबच्या दारात आली. अंगावर पांढरा कोट, डोळे सुजलेले.

"बाई, साडेचारपर्यंत थांबाल? नमुना मशीनवर चढलाय."

बाई बाकावर बसल्या. डॅरियस मांडीवर कलंडला आणि त्यांचाही डोळा लागला. कोणीतरी खांदा हलवला तेव्हा सहा वाजत आले होते.

"आकडा चुकीचा आला," ओडेसा वैतागून म्हणाली. "बाटलीच नीट धुतली नव्हती कोणीतरी. सोमवारी परत करावं लागणार."

"सोमवारी," बाई म्हणाल्या.

"हो ना!" ती आत वळली, मग थबकली. "तुम्ही माझ्यासाठी एवढ्या लांब आलात..."

"जा आता. भूक लागलीय आम्हाला."

परतीच्या वाटेत पुढची रिकामी सीट बघून डॅरियसने विचारलं, "आपण ताईला न्यायला आलो होतो ना?"

"आलो होतो," बाई म्हणाल्या. कंबर ठणकत होती आणि घर अजून दीड तास लांब होतं.