तीनचाकी बघायला आलेला माणूस

भिंगारच्या आमच्या गल्लीत ती पिवळी स्पोर्ट्स कार शिरली, तेव्हा तिचं पोट गतिरोधकाला घासल्याचा आवाज घरात ऐकू आला. गाडीतून उतरलेला पुण्याचा माणूस म्हणाला, “काकांची तीनचाकी बघायला आलोय.”

मला लगेच संशय आला. आमच्याकडे अशी गाडी आहे हे याला कुणी सांगितलं?

अण्णा, म्हणजे माझे वडील, लष्कराच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. ही जुनी फायबरची इवलीशी मोटार त्यांना मिरजगावला एका गोठ्यात कडब्याखाली सापडली होती. पुढे एक चाक, मागे दोन, इंजिन स्कूटरएवढं. त्यांनी ती एकट्यानं उभी केली. मी तिच्यातूनच शाळेत गेले आणि लग्नानंतर सासरीही. आता अण्णा माझ्याकडेच राहतात.

तो माणूस गुडघ्यावर बसून चासी नंबरचा फोटो काढू लागला.

“नंबर कशाला हवाय?” मी विचारलं.

“मॉडेल नीट कळतं, ताई.”

मी आत जाऊन गाडीचे कागद कपाटात घातले आणि किल्ली लावली. मगच चहा ठेवला.

बाहेर अण्णा भलतेच खुशीत होते. “तुमचंबी इंजिन मागंच हाय व्हय?”

“हो काका. पाचशे हॉर्सपॉवरच्या वर.”

“आमच्या गाडीला धा हॉर्सपॉवर बी नसंल. पन चढाला अडली तर खाली उतरून ढकलता येती. तुमची ढकलून बघा!”

दोघंही हसले. मी हसले नाही.

“चालवून बघता का, काका?” त्यानं विचारलं. हा अण्णांना भुलवतोय, अशी आता माझी खात्रीच झाली. अण्णा त्या गाडीत बसले. बसले कसले, जवळजवळ जमिनीतच उतरले.

“स्टिअरिंगवरचं लाल बटण दाबा.”

अण्णांची बोटं बटणावरून पुढे गेली, मागे आली, पुन्हा चाचपत राहिली. बटण चांगलं रुपयाएवढं होतं. मला बाहेरून दिसत होतं.

“अण्णा, दिसत नाही का तुम्हाला?”

तो माणूस फोन आल्याचं निमित्त करून फाटकाकडे गेला.

“उजव्यानं न्हाई,” अण्णा हळूच म्हणाले. “डाव्यानं धुकं पडल्यावानी दिसतं. दिवाळीपासून.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“सांगितलं असतं तर तू दवाखान्यात नेलं असतंस. मीच बोलावलंय त्याला, शेजारच्या पोराच्या मोबाईलवरून जाहिरात टाकून. गाडी चालवनाऱ्याकडं जाऊ दे. माझ्याच्यानं आता हुत न्हाई.”

मघापासून मी परक्या माणसावर पाळत ठेवून होते, आणि शेजारी बसून जेवणाऱ्या बापाकडे माझं लक्ष नव्हतं. मला तिथेच रडू आलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांना नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. उजवा डोळा गेलाच होता. डाव्याचा मोतीबिंदू काढला, तो बरा झाला. महिन्याभरानं तीनचाकी टेम्पोत चढली. अण्णा ड्रायव्हरशेजारी बसून पुण्यापर्यंत गेले. ड्रायव्हरनं दोरी नीट आवळली असेल यावर त्यांचा काही केल्या विश्वास बसेना.